पाचव्या प्रकरणातली मुलं

दामिरा एजेंनी रबरी हातोडी दुसऱ्यांदा मारली आणि माझ्या बेरमेतचा पाय तसाच लोंबत राहिला. पहिल्यांदा मला वाटलं, नेम चुकला असेल. दुसऱ्यांदा हातोडी बरोबर गुडघ्याच्या वाटीखाली लागली. आवाजसुद्धा आला, भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. बेरमेत खुदकन हसली. तिला हातोडी आवडली होती आणि तिनं हात पुढे केला. एजेंनी ती तिला दिली नाही. टेबलाचा खण उघडला, हातोडी आत ठेवली, झोपलेल्या माणसाच्या उशाशी चष्मा ठेवावा तशी, आणि खण आवाज न करता लोटला. ह्या दवाखान्यात मी बेरमेतच्या जन्मापासून येतेय. इथे खण आपटून बंद होतात, दारं खांद्यानं ढकलली जातात, नर्सबाई नावं अशा पुकारतात की जणू आपण काहीतरी चोरलंय. त्या खणाचा न झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या उजव्या हातात बेरमेतचे लोकरी मोजे होते आणि डाव्या हातात पुस्तक, पान एकशे बारामध्ये बोट घातलेलं. बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना घातलं होतं ते तसंच. बोटाला रग लागली होती. आणि मला आठवतं, लाज वाटते पण आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे: जहाजातले दिवे परत लागले की नाही?

"एजे, पाय गार पडलेत तिचे. त्यामुळे असेल," मी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या. इथे सगळे ह्या डॉक्टरबाईंना एजे म्हणतात, मोठी बहीण. त्या मात्र कुणाशी बहिणीसारखं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या, म्हणून मी जास्तच घाबरले. "उभी राहते का गं ही?"

"धरलं तर राहते."

"धरलं तर नाही विचारलं मी."

"मग नाही."

"एकोणीस महिने." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "रक्त पाठवू या. बाहेरच्या देशात पाठवावं लागतं. सहा आठवडे लागतील."

"कशासाठी पाठवायचं?"

"बघण्यासाठी."

मिनीबसमध्ये बेरमेतला मांडीवर घेऊन मी पुन्हा पान उघडलं. बाहेर कोळशाचा धूर इतका होता की चालकानं दुपारी एकलाच दिवे लावले होते. मला वाचता येत होतं म्हणजे माझं काही बिघडलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पुस्तक अंतराळातल्या एका जहाजाचं आहे. दोनशे वर्षं चाललेलं जहाज. एक मोठं चाक फिरतं आणि त्याच्या फिरण्यानं माणसांचे पाय जमिनीला टेकलेले राहतात. ते चाक हळूहळू थकत चाललंय. म्हातारी माणसं तक्रार करतात की सूप वाटीत बसत नाही. नवी मुलं जन्मतात ती भिंतीला ढोसून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तरंगत जातात. पान एकशे बारावर लेखकानं एकच वाक्य टाकलंय: मुलांना त्याचं काही वाटलं नाही. बस थांबत होती, सुटत होती, आणि मी त्याच वाक्यावर. तुला कसं कळलं रे? तू विचारलंस का त्यांना? एरवी मी असं वाक्य पुढे ढकलून जाते. विज्ञानकादंबऱ्यांत अशी वाक्यं पैशाला पासरी असतात, त्यांचं काम एवढंच की वाचणाऱ्याला पुढच्या दालनात नेऊन सोडायचं. त्या दिवशी ते वाक्य दारातच आडवं पडलं.

ही पुस्तकं मी कॉलेजात असल्यापासून रिम्मा पावलोव्नांकडून आणते. आमच्या शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं वाचनालय आहे, दोन खोल्या आणि एक हीटर. देश बदलला तेव्हा जे रशियन इंजिनियर आणि त्यांची कुटुंबं इथून उठून गेली, त्यांनी पियानो आणि पुस्तकं मागे ठेवली. पियानो कुणी ना कुणी नेले. पुस्तकं रिम्मा पावलोव्नांनी लहान मुलांच्या गाडीत घालून फेऱ्या मारून आणली. त्यामुळे त्यांच्या कपाटात परग्रहच परग्रह आहेत. इंजिनियरांना तेच आवडायचं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला त्यांनी कागदाचा एक खिसा चिकटवलाय. वाचून झालं की चौकटीच्या कागदाची चिठ्ठी लिहून त्यात ठेवायची. तीन ओळी. "गोष्ट सांगू नकोस, गोष्ट पुस्तकात आहे," त्या नव्या वाचकाला बजावतात. "लेखक थोर की कसा, ते मला माहितीये. तुला काय झालं ते लिही. अन् तीनच ओळी, जास्त लिहिलंस तर मला चष्मा बदलावा लागेल." आणि दुसरा नियम: आपलं वाचून झाल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही, दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या आधी वाचायच्या नाहीत. मी हा नियम कधी मोडला नाही. मी नियम मोडणाऱ्यांतली नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी पूर्ण वाचते, बेरमेतच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तिच्या कपाळावर पालथा हात धरून केस धुते, खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खुपसून ठेवते. तिच्या झोपेतला श्वास मी दारातून ओळखते. तिची मान सहा महिन्यांपर्यंत डुगडुगत होती ते मी बघितलं होतं. बघितलं होतं आणि वहीत लिहिलंही होतं, तारखेसकट. मग एवढं सगळं बघणारीला हे दिसलं कसं नाही?

त्या सहा आठवड्यांत मी जहाजाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं आणलं. त्यात एक बाई एका दूरच्या उपग्रहावरच्या ठाण्यावर एकटी असते आणि घरी मुलीला निरोप पाठवते. निरोप पोचायला अकरा वर्षं, उत्तर यायला अकरा. ती मुलीला विचारते, दात पडले का तुझे? उत्तर येतं तेव्हा मुलगी नोकरीला लागलेली असते आणि आईला समजावणीच्या सुरात, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं सांगते की हो आई, पडले होते. इतर वाचकांना ह्यात विरह वगैरे दिसला असेल. मला फक्त ती मधली अकरा वर्षं दिसली. उत्तर निघालेलं आहे, काळोखातून येतंय, ठरलेलं आहे, आता कुणालाही बदलता येणार नाही, आणि ती बाई इकडे रोज सकाळी उठून पाण्याच्या टाक्या तपासते. नळीतलं रक्तही असंच आमच्या आधी निघून गेलं होतं. मी उकडलेलं गाजर चमच्यानं कुस्करत असताना ते कुठल्यातरी विमानतळावर खोक्यात बसून होतं, आणि त्याला सगळं माहीत होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं: उत्तर आधीच लिहिलेलं आहे. ते वाटेत आहे. वाट बघणं म्हणजे त्याला अजून येऊ न देणं.

रिम्मा पावलोव्नांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "हे कादंबरीबद्दल आहे?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बेरमेतच्या हातात साखरेचा खडा दिला. तो तिच्या बोटांतून घरंगळला. त्यांनी दुसरा दिला आणि या वेळी तिची मूठ आपल्या हातानं मिटून धरली.

घरात कुणाला फार सांगितलं नव्हतं. कुबातला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की तपासणीला रक्त गेलंय. तो टॅक्सी चालवतो, दिवसभर लोकांचं ऐकतो, घरी आल्यावर त्याला काही ऐकायचं नसतं. "आमच्याकडे सगळे उशिराच चालले," तो म्हणाला. "मी तर म्हणे दोन वर्षांचा होईस्तोवर नुसता बसून खायचो. तुझी पुस्तकं तुझ्या डोक्यात जातात, जिपार." मग त्यानं बेरमेतला काखांत धरून वर उडवलं. रॉकेट, तो ओरडतो, आणि ती छताजवळच्या पिवळ्या दिव्यापर्यंत जाते, केस पसरतात, तोंड उघडं, आणि क्षणभर ती कुणाच्याच हातात नसते. मला रोज वाटतं, आता पडेल. पण हेही दिसतं की तेवढ्या क्षणात, हवेत असताना, तिच्यात आणि इतर मुलांत काहीच फरक नसतो. तेवढ्यापुरतं लेखकाचं बरोबर असतं. मग ती खाली येते, त्याच्या तळहातांत पाय टेकते, आणि पाय दुमडतात, कापडाच्या बाहुलीचे दुमडावेत तसे. कुबात पुन्हा उडवतो. तोही बघत असणार. तो पुन्हा पुन्हा उडवतो तो त्याचसाठी, असं मला आता वाटतं.

सासूला, अपाला, मी पुस्तकं वाचून दाखवते. तिचे डोळे गेल्या हिवाळ्यापासून अधू झालेत आणि रशियन पुस्तकांचा तिला कंटाळा, म्हणून मी आमच्याच भाषेतली एक नवी कादंबरी आणली होती. डोंगरातल्या कुठल्याशा गावच्या एका तरुण मुलानं लिहिलेली, साठ वर्षांनंतरच्या काळातली. डोंगरावरचा बर्फ संपलाय. एक म्हातारी खड्ड्यात जाड लोकरी नमद्याखाली शेवटचा बर्फ राखून बसलीये. अपा तळायच्या बोरसोकचं पीठ मळत होती. जमिनीवर चटईवर बेरमेत, उशांच्या मध्ये बसवलेली.

"त्या म्हातारीला सुना किती?" अपानं विचारलं.

"लिहिलं नाहीये."

"घोडी?"

"घोड्यांचा उल्लेख नाही कुठे."

"सून नाही, घोडी नाही, अन् म्हणे आपलं गाव. हा पोरगा शहरात वाढलेला दिसतोय. नमदा कोरडा कसा ठेवते विचार त्याला. लोकर घाईघाईनं अंथरून भागत नाही, खाली वाळलेलं गवत लागतं."

"अपा, कादंबरी आहे ती."

"मग काय झालं? कादंबरीत बर्फ विरघळत नाही?"

मी हसले. पुढे वाचलं. म्हातारी वसंतात नमदा उचलते. वरचा थर कोरडा, शिवण जागच्या जागी, आणि खाली नुसता ओला खड्डा. बर्फ कधीच गेलेला. ती कोरड्या नमद्याला राखत बसलेली. मला हे जरा ठरवून केल्यासारखं वाटलं. तरुण लेखक असे खड्डे आधी खणून ठेवतात आणि मग आपल्याला हाताला धरून तिथे आणतात. मी तसं म्हणणार होते. अपाचे हात पिठात थांबले होते.

"मी घाई केली," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुशूची. तुला माहितीये कशाची ते. माझ्या तोंडून ऐकायचंय का तुला?"

तुशू म्हणजे पायांची दोरी. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की काळ्या आणि पांढऱ्या लोकरीची दोरी वळून त्याच्या घोट्यांना बांधतात. मुलं लांबून पळत येतात, जो पहिला येईल तो कात्रीनं दोरी कापतो, मग मुलाला दोन्ही हातांना धरून चालवतात आणि सगळे पावलं मोजतात. बेरमेतचा पहिला वाढदिवस होता, नारीनहून अपाच्या बहिणी यायच्या होत्या, मेंढी कापून झालेली. बेरमेत उभी राहत नव्हती. अपानं विचार केला, आज नाही तर उद्या राहील, बहिणी काही रोज येत नाहीत. आम्ही तिला काखांत धरली. दोरी कापली. टाळ्या वाजल्या. पावलं मोजताना सगळ्यांनी जरा भराभर मोजली.

"जी चालतच नव्हती तिची दोरी कापवली मी," अपा म्हणाली. "काय कापलं गेलं मग? सांग ना. तू शिकलेली आहेस."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. रक्त गेलंय, दोरीचा काही संबंध नाही, ही गोष्ट असलीच तर ती तुझ्या मुलातून आणि माझ्यातून मिळून आलेली असेल, आम्ही दोघांनी तिच्या जन्माआधीच बांधलेली. मी वाक्यं जुळवलीसुद्धा. पण त्या वाक्यांत दोषी मी होते, आणि तिच्या वाक्यात ती होती. मला तिचं वाक्य जास्त बरं वाटलं. कुणी दुसऱ्यानं दोष ओढून घेतला की अंगाला ऊब येते. मी त्या उबेत तशीच बसून राहिले, बोट पानात घालून.

"पुन्हा करू या," अपा म्हणाली. "दोरी मी वळते. येत्या रविवारी, अंगणात. कुणाला बोलवायचं नाही, आपल्या इमारतीतली पोरं पुरेत. रीतीत बसत नसेल तर नसू दे."

"करू या," मी म्हटलं.

उत्तर त्याच्या आदल्या शुक्रवारी आलं, दुपारी तीनच्या सुमारास, बेरमेत झोपलेली असताना. दामिरा एजेंनी कागदाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, सोमवारी या, दोघंही. कागदावर रोगाचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. मी ते एकदाच वाचलं आणि माझ्या तोंडात अजून ते पूर्ण मावत नाही. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, औषध निघालंय, पण ते दूरच्या देशांत, यादी असते, दोन वर्षांच्या आतल्या मुलांची. "नाव घालते मी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मग?" "नाव घालते, जिपार." मला वाटलं, ही एक विज्ञानकादंबरी आहे जिच्यात औषध आहे, यानं आहेत, सगळं आहे, फक्त ती आमच्या कपाटापर्यंत आलेली नाही. फोन ठेवला. स्वयंपाकघरात पाणी उकळून उकळून संपलं होतं. मी किटली खाली ठेवली आणि जहाजाचं पुस्तक उघडलं, पान एकशे बारा, आणि वाचत गेले. एवढं सरळ, एवढं शांत मी कित्येक महिन्यांत वाचलं नव्हतं.

पाचव्या प्रकरणात जहाज पोचतं. खाली हिरवी जमीन आहे, पाणी आहे, ढग आहेत. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं की तरंगत वाढलेल्या मुलांना जमिनीवर उभं राहता येणार नाही. त्यांची हाडं ते वजन पेलणार नाहीत. मोठी माणसं खाली उतरतात. मुलांना वर ठेवतात, जहाजात, खायला-प्यायला देऊन, यंत्रांच्या हवाली. परत येऊ, असं सांगतात. लेखकानं इथे काही केलेलं नाही, आणि हेच मला सहन झालं नाही. कुणी रडत नाही. मुलं काचेला नाक लावून खाली बघतात. खाली पहिलं घर उठतं, दुसरं उठतं, धूर दिसतो. एक मुलगी दुसऱ्या लहान मुलाला दाखवते, तो धूर बघ, ती आई आहे. चाळीस पानं हे चाललंय. चाळीस पानं ती मुलं खाली बघतायत. मग सहावं प्रकरण, खाली, शेतं, भांडणं, लग्नं, आणि मुलांचा पुन्हा एकदाच उल्लेख येतो, एका सणाच्या दिवशी कुणीतरी वर बघतं तेव्हा.

पुस्तक संपलं. नियमाप्रमाणे मी मागच्या खिशात हात घातला. एकच चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. मी वाचली: मुलांना वर ठेवून मोठ्यांनी खाली उतरणं तर्काला धरून आहे. पाचवं प्रकरण उगाच लांबवलंय. लेखक शेवटी हळवा झाला. खाली सही: जिपार, तिसरं वर्ष.

अक्षर माझं होतं. शेवटी शेपूट वळवलेली ती माझी सही, जी मी लग्नानंतर सोडली. मी चिठ्ठी उजेडात धरली, पालथी केली. मागे सूर्यफुलाच्या बियांचा तेलकट डाग होता. वसतिगृहात आम्ही बिया खात वाचायचो. डाग आठवला. खोली आठवली, खिडकी, खालच्या मजल्यावरून येणारा तळलेल्या कांद्याचा वास, एक निळा झगा जो दोघी मैत्रिणी मिळून वापरायचो. पुस्तक आठवलं नाही. ती मुलं आठवली नाहीत. मी त्या चाळीस पानांतून गेले होते, माझ्याच डोळ्यांनी, आणि तिथून काहीही घेऊन बाहेर आले नव्हते. फक्त मत घेऊन आले होते. मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. पण मला तिची भीती वाटली, कारण ती हुशार होती, आणि तिनं जे लिहिलं होतं त्यात चूक सापडेना. तर्काला धरून आहे. मोठ्यांना खाली उतरावंच लागतं. सकाळ होते, दूध आणावं लागतं. मीही उतरेन. मला ते त्या चिठ्ठीइतकंच स्वच्छ दिसलं, की एक दिवस मी खाली कुठेतरी घर करत असेन आणि सणाच्या दिवशी वर बघेन.

बेरमेत जागी झाली होती. रडली नव्हती, ती उठल्यावर रडत नाही, पडल्या पडल्या छताकडे बघत राहते. मी दारात उभी होते आणि ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

शनिवारी मी पुस्तक परत केलं. कुबातला अजून सांगितलं नव्हतं, अपाला नाही. रविवार होऊन जाऊ दे, असं मी ठरवलं होतं. निदान ठरवलं होतं असं आता म्हणते.

"तुम्हाला माहीत होतं मी हे वाचलंय?" मी रिम्मा पावलोव्नांना विचारलं.

"हो तर. दोन दिवसांत आणून टाकलं होतंस. मी म्हटलं, इतक्यात झालं? तर म्हणालीस, मधलं चाळलं." त्या चिठ्ठ्यांच्या डब्यात बोटं घालून नवे कागद मोजत होत्या. "मला वाटलं, पुन्हा नेतेय तर नेऊ दे. माणूस दुसऱ्यांदा नेतो ते काही उगाच नाही."

"मला आठवतच नव्हतं."

"मग चांगलंय की. दोनदा पहिल्यांदा वाचलंस." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ती जुनी चिठ्ठी काढून टाकू का?"

"नको. राहू दे."

"दुसरी लिही मग." त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी पेन घेतलं. चौकटी, निळसर, तीन ओळींपुरत्या. बेरमेत बाबागाडीत होती आणि एका मोज्याशी खेळत होती. शेवटी मी कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला आणि म्हटलं, नंतर देते.

रविवारी बाराच्या सुमारास धूर जरा वर उचलला आणि अंगणात पांढरट ऊन पडलं. झोपाळे आणि विजेच्या डब्याच्या मधला बर्फ मुलांनी पायांनी तुडवून सपाट केला होता. सात मुलं जमली. चौथ्या मजल्यावरची अदिना, नऊ वर्षांची, तिनं टोपी काढून खिशात कोंबली, पळताना गरम होतं म्हणे. अपानं डोक्याला नवा रुमाल बांधला होता. दोरी तिनं दोन दिवस बसून वळली होती, अधू डोळ्यांनी, काळा धागा आणि पांढरा धागा, इतकी सारखी की कुठून काळा जातो आणि कुठून पांढरा हे बोटाला कळत नव्हतं.

"ह्या वेळी कात्रीला धार लावलीये मी," ती कुबातला म्हणाली. "मागच्या वेळी बोथट होती. पोराला कापेना, अर्धी दोरी नुसती ओढून तोडली तुझ्या मावशीनं."

"अपा, पोरं गारठतायत. चला, सुरू करू," कुबात म्हणाला. तो बेरमेतला काखांत धरून उभा होता. अपानं वाकून दोरी तिच्या मोज्यांवरून घोट्यांना गुंडाळली, इंग्रजी आठासारखी, आणि एक सैल गाठ मारली. घट्ट बांधायची नसते, बाळाला लागेल. मुलं विजेच्या डब्यापाशी ओळीत उभी राहिली. कुणीतरी तीन म्हटलं आणि ती सुटली. सात जोड्या बूट बर्फावर, तो आवाज मी कधी एवढ्या लक्ष देऊन ऐकला नव्हता. कुबातनं तिला नीट दिसावं म्हणून जरासं वर उचललं. बेरमेत पळणाऱ्या मुलांकडे बघून हसत होती, आणि दोरी तिच्या घोट्यांवरून घसरली, टाचांवरून घसरली, एका मोज्यासकट पायांतून निघून खाली बर्फावर पडली. पायांनी तिला अडवलं नाही. गाठ तशीच होती.

अदिना पहिली आली. गाल लाल, तोंडातून वाफ. अपानं तिच्या हातात कात्री दिली, ठरल्याप्रमाणे, खाली न बघता. अदिनानं खाली बघितलं. मग वर, आम्हा सगळ्यांकडे.

"काय कापू?" तिनं विचारलं.

 मागची मुलं येऊन थांबली, धापा टाकत. अपा त्या दोरीकडे बघत होती, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती विचारेल. ती विचारत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की आता हे तुझ्या हातात आहे, शिकलेली आहेस, काहीतरी कर. कोटाच्या खिशात माझ्या बोटांना ती घडी लागली, कोरा कागद. मी हात बाहेर काढला, गुडघे बर्फात टेकले, मोजा झटकून बेरमेतच्या पायात घातला. दोन्ही पाय एका हातात मावले. मी दोरी पुन्हा बांधली. घट्ट बांधली, दोन गाठी मारून, दात लावून ओढली, इतकी की लोकर मोज्यात रुतली. वर कात्री उन्हात चमकत होती आणि बेरमेत तिच्याकडे हात पुढे करून हसत होती, त्या दिवशी हातोडीकडे केला होता तसा.

"आता काप," मी अदिनाला म्हटलं.

धार चांगली होती. दोरी एका दमात तुटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुबातनं एक हात धरला, अपानं दुसरा, आणि मी मागे सरले तसे ते तिला माझ्याकडे घेऊन निघाले. पाय बर्फावरून ओढत येत होते, मागे दोन बारीक रेघा उमटत होत्या. अपा मोठ्यानं मोजायला लागली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. एक. दोन. तीन. चार. मग ती थांबली. कुबात मान खाली घालून चालत राहिला. मुलं वाट बघत होती.

"पाच," मी म्हटलं.